प्लूटो दिसण्याच्या १९ वर्षं आधी त्याचा आकडा मांडणारे हेडमास्तर : व्यंकटेश बापूजी केतकर

खापा (ता. सावनेर) : जून लागला की आपल्या भागात दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे भिंतीवरच्या पंचांगात मृग कधी लागतो आणि त्याचं वाहन काय, हे पाहिलं जातं. दुसरी म्हणजे चावडीवर, पानठेल्यावर त्यावर वाद होतो. बेडूक आहे, म्हैस आहे, की कोल्हा आहे. पण हे पंचांग कोणत्या गणितावर चालतं आणि ते गणित आकाशाशी जुळवायला कोणी आयुष्य घातलं, हे सहसा कोणी विचारत नाही.

त्यातलं एक मोठं नाव म्हणजे व्यंकटेश बापूजी केतकर. पंचांगकर्त्यांच्या घरात हे नाव आजही आदरानं घेतात. बाकीच्यांना ते माहीत असलंच तर एका वेगळ्याच कारणानं. प्लूटोचा शोध एका मराठी माणसानं लावला, असं अधूनमधून सांगितलं जातं, तो माणूस म्हणजे केतकर. या सांगण्यात अर्धं खरं आहे आणि अर्धं नाही. खरं किती आणि कुठलं, ते नीट समजलं तर केतकरांचं मोठेपण कमी होत नाही, उलट जास्त कळतं. म्हणून हा लेख.

नरगुंदचं मराठी घर

केतकरांचा जन्म १८ जानेवारी १८५४ चा, नरगुंदचा. नरगुंद आज कर्नाटकात गदग जिल्ह्यात येतं. तेव्हा ते एक लहानसं मराठी संस्थान होतं, भावे घराण्याचं. केतकर चार वर्षांचे असताना, १८५८ मध्ये, तिथले राजे बाबासाहेब भावे इंग्रजांविरुद्ध उठले. उठाव मोडला गेला, बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली आणि संस्थान खालसा झालं. अशा पडझडीच्या गावात हा मुलगा वाढला.

घरात ज्योतिषाचं वातावरण होतं. इथं ज्योतिष म्हणजे कुंडली नव्हे, तर ग्रह कुठे आहेत याचं गणित. वडील बापूशास्त्री यातले जाणते. संस्कृत आणि जुने सिद्धांत घरातून मिळाले, इंग्रजी शाळेतून मिळाली. पुढे ते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात मास्तर झाले. बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे ते हेडमास्तर होते. दिवसभर शाळा आणि रात्री गणित, असं हे आयुष्य. जवळ ना मोठी दुर्बीण, ना वेधशाळा. कागद, पेन आणि आकड्यांची कोष्टकं एवढंच भांडवल.

रिकामी जागा आणि धान्याची देवी

केतकरांनी पुढे जे केलं ते समजायला थोडं मागं जावं लागतं, त्यांच्या जन्माच्या अर्धशतक आधी.

सूर्यापासून पृथ्वीचं अंतर १० धरलं तर बुध ४ वर येतो, शुक्र ७ वर, मंगळ जवळपास १६ वर, गुरू ५२ वर. यात एक चाल दिसते. पण त्या चालीप्रमाणे मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये २८ वर काहीतरी हवं होतं आणि तिथे काहीच नव्हतं. ओळीत पेरलेल्या शेतात एक तास रिकामं दिसावं, तसं. युरोपातले ज्योतिषी त्या जागेवर टपून बसले होते.

१ जानेवारी १८०१ च्या रात्री इटलीतल्या सिसिली बेटावर, पालेर्मोच्या वेधशाळेत, जुझेप्पे पियाझ्झी यांना एक बारीक ठिपका दिसला. तो ताऱ्यांमधून रोज थोडा थोडा सरकत होता. त्यांनी त्याला सेरेस नाव दिलं. सेरेस ही रोमन लोकांची धान्याची, शेतीची देवी. सहा आठवड्यांनी तो ठिपका सूर्याच्या उजेडाकडे गेला आणि हरवला. तेव्हा जर्मनीतल्या कार्ल गाउस या २४ वर्षांच्या गणितज्ञानं पियाझ्झींच्या थोड्याशा नोंदींवरून त्याचा मार्ग काढला. वर्षअखेर गणितानं सांगितलेल्या जागेजवळच तो पुन्हा सापडला. अंतर निघालं २७.७. रिकामी जागा भरली होती.

पण गंमत पुढेच झाली. १८०२ मध्ये तिथेच पॅलस सापडला, १८०४ मध्ये जुनो, १८०७ मध्ये व्हेस्टा. म्हणजे तिथे एक ग्रह नव्हता, लहान लहान गोळ्यांचा एक पट्टाच होता. त्यांना आपण लघुग्रह म्हणतो. भारतही यात मागे नव्हता. १८६१ च्या एप्रिलमध्ये मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांनी एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिला, म्हणून त्याचं नावच आशिया ठेवलं. त्या वेळी नरगुंदचे केतकर सात वर्षांचे होते.

यातून त्या काळच्या गणित करणाऱ्यांना एक गोष्ट कळली. आकड्यांत चाल सापडली तर न दिसलेली वस्तूही शोधता येते. १८४६ मध्ये नेपच्यून तर आधी कागदावर आणि मग दुर्बिणीत सापडला. मात्र तो त्या जुन्या चालीत बसला नाही. चालीप्रमाणे तो ३८८ वर हवा होता, निघाला ३०० वर. म्हणजे चाल कधी साथ देते, कधी फसवते. ही गोष्ट पुढे केतकरांच्या बाबतीतही कामाची आहे.

पंचांग आकाशाशी जुळेना

केतकरांचं खरं आयुष्य मात्र नव्या ग्रहांच्या मागे गेलं नाही, पंचांगात गेलं.

महाराष्ट्रात पंचांगं ज्या ग्रंथावरून करत, तो ग्रहलाघव. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी तो १५२० मध्ये लिहिला. फार हुशारीनं लिहिलेला, कठीण गणित सोपं करणारा ग्रंथ. म्हणूनच तो शेकडो वर्षं चालला. पण घड्याळ रोज थोडं मागं पडत असेल तर वर्षभरात किती मागं पडेल? तसंच झालं. साडेतीनशे वर्षांत फरक साचत गेला. शिवाय चंद्राच्या चालीत बरेच बारीक हेलकावे असतात, ते जुन्या गणितात धरलेले नव्हते. त्यामुळे तिथी काही तास मागंपुढं व्हायची. एकादशी आज की उद्या, हा वाद तिथूनच यायचा.

केतकरांच्या आधी पुण्याचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टकं मराठीत आणली होती. त्याच काळात शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिला. दीक्षितही पेशानं मास्तरच. म्हणजे हे काम मोठ्या पगाराच्या लोकांनी नाही, शाळेत शिकवणाऱ्यांनी उचललं होतं.

केतकरांची अडचण अशी की नवीन, अचूक कोष्टकं युरोपातल्या भाषांत होती आणि गावोगावचे पंचांगकर्ते संस्कृत जाणणारे. त्यांना ती वाचता येत नव्हती. मग केतकरांनी ते सगळं गणित संस्कृतात बसवलं. १८९० च्या सुमारास ज्योतिर्गणितम् हा मोठा ग्रंथ तयार झाला. त्यानंतर केतकी ग्रहगणित आलं, जे ग्रहलाघवाच्या जागी वापरता यावं असं रचलेलं होतं. पंचांगासाठी वैजयंती, ताऱ्यांच्या ओळखीसाठी मराठीत नक्षत्रविज्ञान, आणि १९२३ मध्ये देशोदेशींच्या कालगणनांवर इंग्रजी पुस्तक. एका माणसाचं हे काम आहे.

विरोध झाला का? झालाच. जुना नियम असा होता की तिथी ६५ घटिकांहून मोठी नसते आणि ५४ घटिकांहून लहान नसते. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं. आकाशातल्या खऱ्या चंद्रावरून मोजलं तर तिथी ६७ घटिकांपर्यंत वाढते आणि ५० पर्यंत आखडते. आता शास्त्रात लिहिलेलं मानायचं की डोक्यावर दिसतं ते मानायचं? पोथी धरणारे एका बाजूला आणि वेध धरणारे दुसऱ्या बाजूला, असा हा झगडा अनेक वर्षं चालला. केतकर वेधाच्या बाजूचे. जे गणित आकाशात पडताळून येत नाही ते दुरुस्त केलं पाहिजे, ही त्यांची भूमिका. आणि ही भूमिका नवी नव्हती. गणेश दैवज्ञांनीही आपल्या काळी जुनं गणित तपासूनच नवं केलं होतं.

मृगाचा दिवस कुठून मोजायचा

हा वाद फक्त एकादशीपुरता नव्हता, आपल्या पेरणीच्या नक्षत्रापर्यंत आला होता.

२७ नक्षत्रांचा गोल आहे. गोलाला सुरुवात नसते, ती आपण ठरवायची असते. शेताची मोजणी करताना आधी एक दगड धरावा लागतो, मग सगळे धुरे त्यावरून निघतात. दगडच चार हात सरकला तर प्रत्येकाचा धुरा सरकतो. तसंच आकाशाचं. लोकमान्य टिळकांचा पक्ष रेवती नक्षत्रातला एक बारीक तारा खूण धरायचा. केतकरांचं म्हणणं होतं चित्रा धरा. चित्रा हा ठळक, उघड्या डोळ्यांना सहज दिसणारा तारा. त्याच्या बरोबर समोर सुरुवातीची जागा.

या दोन खुणांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. सूर्य रोज साधारण एक अंश चालतो, म्हणजे मृग लागण्यात चारेक दिवसांचा फरक. काही वर्षी तर अधिक महिनाही वेगळा येतो. टिळक पंचांग आजही निघतं आणि त्यात हा फरक दिसतो. दोघांनाही आकाश अचूक हवं होतं, दगड कोणता धरायचा एवढ्यावरच मतभेद होता.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारनं मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. नक्षत्रांसाठी समितीनं चित्राचीच खूण धरली. या समितीत आपल्या नागपूरचे विद्वान के. ल. दप्तरीही सभासद होते. आज बहुतेक पंचांगांत मृग ७ किंवा ८ जूनला लागतो, तो याच चित्रेच्या हिशेबानं.

एक गोष्ट इथे शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नक्षत्रं ताऱ्यांवरून मोजतात आणि ऋतू सूर्यावरून येतात. या दोघांत साधारण ७२ वर्षांत एक दिवसाची सरकासरक होते. गणेश दैवज्ञांच्या काळी मृग आजच्या हिशेबानं १ जूनच्या आसपास लागत होता. म्हणजे मृगात पेरा ही म्हण जेव्हा केव्हा पडली असेल, तेव्हाचा मृग आणि आताचा मृग एकाच तारखेचा नाही. नक्षत्र पाहायला हरकत नाही, पण धूळपेरणी करून आभाळाकडे पाहत बसण्यापेक्षा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मोजून तिफण काढलेली बरी. दुबार पेरणीचं बियाणं पंचांग देत नाही.

१९११ चा आकडा

आता प्लूटोकडे येऊ. १९११ मध्ये केतकरांचं वय ५७. त्या वर्षी मे महिन्यात फ्रान्सच्या ज्योतिर्विद संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा एक लेख आला. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असं त्यात मांडलेलं होतं. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं दिली.

हे त्यांनी काढलं कशावरून? गुरूला अनेक चंद्र आहेत. त्यातल्या तिघांची चाल एकमेकांत अडकलेली आहे. आतल्याच्या चार फेऱ्या होतात, तोवर मधल्याच्या दोन आणि बाहेरच्याची एक. फ्रान्सचे लाप्लास यांनी याचं गणित केलं होतं. केतकरांना वाटलं की सूर्याभोवतीचे बाहेरचे ग्रहही असेच एकमेकांत अडकलेले असतील. युरेनसची फेरी ८४ वर्षांची, नेपच्यूनची सुमारे १६५ वर्षांची, जवळपास दुप्पट. तशीच चाल पुढे नेऊन त्यांनी ब्रह्माचा आकडा मांडला. सूर्यापासून अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट आणि एक फेरी २४२.२८ वर्षांची.

गारपिटीनं हुकलेलं कॉलेज

तिकडे अमेरिकेत कॅन्सस राज्यात क्लाइड टॉमबॉ नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. कॉलेजात जायचं ठरलं होतं, पण गारपिटीनं पीक झोपवलं आणि पैसेच उरले नाहीत. आपल्याकडे गारपिटीत संत्र्याचा आंबिया बहार जातो आणि मुलाची फी अडकते, त्यातलाच प्रकार. या पोरानं जुन्या मोटारीचे आणि शेतावरच्या यंत्रांचे सुटे भाग लावून दुर्बीण केली. तिच्यातून पाहून काढलेली मंगळ आणि गुरूची चित्रं ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेला पाठवली. त्यांनी त्याला कामावर ठेवलं.

काम असं, की आकाशाच्या एकाच भागाचे काही दिवसांच्या अंतरानं दोन फोटो काढायचे आणि यंत्रात आलटून पालटून पाहायचे. तारे जागेवर राहतात, जो सरकला तो आपला. लघुग्रहही याच पद्धतीनं सापडतात आणि टॉमबॉला ते सापडलेही. १८ फेब्रुवारी १९३० ला, जानेवारीच्या दोन फोटोंत, एक ठिपका फार हळू सरकलेला दिसला. १३ मार्चला जगाला कळवलं गेलं. तो प्लूटो. टॉमबॉचं वय तेव्हा २४.

प्लूटोचं सरासरी अंतर निघालं ३९.५ पट आणि फेरी २४८ वर्षांची. केतकरांचे आकडे होते ३८.९५ आणि २४२.२८. केतकर तेव्हा ७६ वर्षांचे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

खरं किती

मग प्लूटो केतकरांनी शोधला का? नाही. तो टॉमबॉनं शोधला आणि केतकरांचा आकडा पाहून शोधला नाही. केतकरांनी अंतर आणि फेरी सांगितली होती, आकार आणि वजन जुळलं नाही. त्यांची मूळ कल्पनाही टिकली नाही, कारण युरेनस आणि नेपच्यून तसे अडकलेले नाहीत. त्यांचा विष्णू आजवर कुणाला दिसला नाही.

पण एकट्या केतकरांचंच असं झालं नाही. ज्यांच्या नावानं ती अमेरिकेतली वेधशाळा आहे, त्या पर्सिव्हल लॉवेल यांनीही पैसा, माणसं आणि मोठ्या दुर्बिणी लावून गणित केलं होतं. त्यांचं गणितही पुढे चूक ठरलं. १९७८ मध्ये प्लूटोचा चंद्र सापडला तेव्हा कळलं की प्लूटो फार हलका आहे, पृथ्वीच्या पाचशेव्या भागाएवढा. एवढ्याशा गोळ्यानं नेपच्यूनला ओढणं शक्यच नव्हतं. म्हणजे आकडा दोघांचाही जवळ आला, कारण मात्र दोघांचंही चुकलं. फरक एवढाच की एकाकडे वेधशाळा होती आणि एकाकडे शाळामास्तराचं टेबल.

आणि एक बात अशी की प्लूटो खरोखरच अडकलेला निघाला. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात, तोवर प्लूटोच्या दोन होतात. केतकरांनी धरलेला हिशेब हा नव्हता, पण बाहेरच्या गोळ्यांच्या चालीत असा मेळ असतो ही त्यांची नजर अगदीच वाया गेली नाही.

२४ ऑगस्ट २००६ ला प्लूटोचं ग्रहपद गेलं. त्याला लघुग्रहांच्याच यादीतला क्रमांक मिळाला, १३४३४०. त्या यादीत पहिला क्रमांक धान्याच्या देवीचा, सेरेसचा. दोघंही आता बटुग्रह. २०१५ मध्ये दोघांकडेही पहिल्यांदा यान पोहोचलं, मार्चमध्ये सेरेसकडे आणि जुलैमध्ये प्लूटोकडे. रिकामी जागा शोधणाऱ्या दोन वेगवेगळ्या काळातल्या माणसांचे गोळे शेवटी एकाच वहीत लिहिले गेले.

आपल्या पोरांना काय सांगायचं

केतकरांचं नाव घ्यायचं तर प्लूटोच्या फुशारकीसाठी घेऊ नये. तो आकडा त्यांच्या आयुष्यातलं एक पान आहे. त्यांची खरी कमाई म्हणजे, साडेतीनशे वर्षं जुनं झालेलं गणित त्यांनी आकाशाशी पुन्हा ताडून पाहिलं आणि ते गावच्या पंचांगकर्त्याला वापरता येईल अशा भाषेत दिलं. जुनं म्हणून टाकलं नाही आणि जुनं म्हणून तसंच ठेवलंही नाही.

खाप्यात, सावनेरात, आजूबाजूच्या खेड्यांत गणितात डोकं चालणारी पोरं आहेत. कुणाचा बाप विणकर, कुणाचा खाणीत, कुणाचा शेतात. जवळ मोठी दुर्बीण नाही म्हणून आपल्याला जमणार नाही असं वाटत असेल, तर त्यांना बागलकोटच्या या हेडमास्तरांचं आणि कॅन्ससच्या त्या शेतकऱ्याच्या पोराचं नाव सांगावं. नागपूरला रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे, शाळांनी सहल तिकडे एकदा तरी न्यावी.

आणि यंदा मृग लागेल तेव्हा वाहन बेडूक की म्हैस हे जरूर पाहावं. पण त्याआधी मार्च ते मे, रात्री अंगणात खाट टाकली की दक्षिणेच्या बाजूला वर पाहावं. पांढरट निळा, एकटाच चमकणारा जो ठळक तारा दिसतो तो चित्रा. आपल्या मृगाचा दिवस त्याच्यावरून मोजला जातो. तो दगड पक्का धरा म्हणणारे व्यंकटेश बापूजी केतकर.